पश्चिमेच्या गॅलरीतलं जिरॅनियम: खालची पानं पिवळी, नवी पांढरट

गॅलरीबाग:
पुण्यात तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी आहे. दुपारी दोननंतर थेट मावळतीपर्यंत ऊन. जिरॅनियमच्या (पेलार्गोनियम) चार कुंड्या आहेत: दोन साधे झोनल, एक लोंबतं आयव्ही, एक रीगल (ही जिरॅनियमचीच प्रकारनावं). सगळ्या ८ इंची काळ्या प्लॅस्टिकच्या, माती नर्सरीचीच, लालसर आणि घट्ट. पारा ३८-३९. पाणी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, तरी दुपारी पानं मलूल पडतात. खालची पानं पिवळी होऊन गळतात, झोनलची नवी पानं देठाकडून पांढरट येतात, कळ्या उमलायच्या आधीच वाळतात. पाणी वाढवायचं का? ग्रीन नेट किती टक्क्यांची घ्यावी? छाटणी, खत, कुंडी बदलणं यातलं आत्ता काय करावं?

मातीमूळ:
पाणी वाढवू नका, निम्म्यावर आणा. जिरॅनियमचं खोड मांसल असतं, मूळ दक्षिण आफ्रिकेतलं झाड आहे, पाण्याची थोडी ओढ ते सहज काढतं. तापलेली आणि सतत ओली माती मात्र त्याला सोसत नाही. माती तापली की मुळांना प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच ओल्या मातीत तो कमी असतो. मुळं कुजायला लागतात, पाणी ओढू शकत नाहीत, पानं मलूल पडतात, आणि ती बघून माणूस आणखी एक तांब्या ओततो.

दुपारी चारला मलूल आणि रात्री नऊला ताठ असेल तर ते फक्त उन्हाने मान टाकतंय, हात लावू नका. सकाळी सहालाही मलूल असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर तहान, ओलं लागलं तर मुळांचं दुखणं. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणं त्याहून चांगलं, आठवड्यात हाताला सवय होते.

पाणी सकाळी आठच्या आत, खालच्या भोकातून वाहीपर्यंत एकदाच भरपूर. मग वरचा इंचभर थर सुकेपर्यंत थांबायचं. थाळीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चांगलंच गरम येतं, ते तर नकोच. पानांवर फवाराही नको: जिरॅनियमला तांबेरा आणि करडी बुरशी ओल्या पानांवरच येते.

आता पानांचं. खालची पानं मऊ आणि पूर्ण पिवळी, माती ओली: पाणी जास्त. कडा कुरकुरीत तपकिरी: पाणी कमी किंवा खताचे क्षार साठलेत. झोनलची नवी पानं देठाकडून पांढरी पडणं हा उष्णतेचा ताण आहे, हवा उतरली की पुढची पानं हिरवी येतात. लोहाची कमतरता वेगळी दिसते, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं की मातीचा सामू (पीएच) वाढून तसं होतं. त्याला चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) लागू पडतं, तुमच्या पांढऱ्या पानांना नाही. उगाच फवारण्या करत बसू नका.

खत आत्ता शून्य. कळ्या दिसल्या तर देठाच्या बुडाशी वाकवून मोडा, कात्री लागत नाही. मे महिन्यात झाड जगलं पाहिजे, फुलं नंतर बघू.

खुरपं:
वरचं सगळं पटलं, पण तुमचा खरा घोटाळा काळ्या कुंडीत आहे. पश्चिमेचं ऊन कुंडीच्या अंगावर आडवं पडतं. हवा ३८ अंश असली तरी उन्हाकडच्या बाजूची माती ४५ च्या पुढे सहज जाते, आणि बारीक मुळं तर कडेलाच असतात.

आत्ता रोप उपटून नव्या कुंडीत लावू नका, मुळं तुटली तर या उन्हात भरून येत नाहीत. त्याऐवजी कुंडीत कुंडी करा. १२ इंची मातीची कुंडी घ्या, तिचं भोक उघडं ठेवा. तळाशी दोन इंच खडी किंवा विटांचे तुकडे. त्यावर ८ इंची कुंडी जशीच्या तशी ठेवा आणि भोवतालची पोकळी जाड वाळूने भरा. रोज सकाळी वाळू भिजवायची. बाहेरच्या भिंतीतून पाणी उडत राहतं आणि आतली माती थंड राहते. खडी चुकवू नका, नाहीतर आतली कुंडी खालून पाणी ओढते आणि पुन्हा तीच चिखलाची कथा.

हे जमत नसेल तर कुंड्यांना पांढरं गोणपाट गुंडाळा. फरशीवर थेट न ठेवता विटांवर किंवा स्टँडवर ठेवा. मातीवर इंचभर वाळका पाला चालेल, खोडापासून दोन बोटं लांब.

नेट ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, आणि ती उभी लावा, कठड्यापासून वरपर्यंत. आडवं छत ताणून पश्चिमेचं ऊन अडत नाही. झाड आणि नेटमध्ये फूटभर जागा ठेवा, वारा खेळला पाहिजे. ७५ टक्क्यांची लावली तर काड्या लांबट आणि लुळ्या होतात.

गॅलरीत एसीचं बाहेरचं युनिट आहे का? त्याच्या झोतात कुंडी असेल तर वरचं काहीच उपयोगाचं नाही, आधी ती हलवा.

गॅलरीबाग:
युनिट आहे, आयव्ही नेमकं त्याच्यासमोरच टांगलंय. आज हलवते. एका झोनलचं खोड मातीलगत काळं आणि मऊ झालंय. बुरशीनाशक घातलं तर वाचेल का? आणि रीगलला तर पानंच पानं आहेत.

मातीमूळ:
काळं पडलेलं खोड परत येत नाही. ही बहुतेक पिथियम या मातीतल्या बुरशीसारख्या जंतूची कूज, खालून वर चढते. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आधीच घातलेलं असेल तर थोडाफार प्रतिबंध होतो, नंतर नाही. शेंड्याकडचं खोड आडवं कापून बघा. आतून स्वच्छ हिरवट असेल तर ८-१० सेंटिमीटरचा तुकडा डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) खाली कापा, वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा, कापलेली बाजू सावलीत दिवसभर सुकू द्या आणि मग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं घेऊन त्यात खोचा. वर पिशवी घालू नका, जिरॅनियमची काडी कोंदट ओलीत सडते. मेमध्ये यश कमीच, दोन-तीन काड्या लावा. जुनी माती फेका, दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

कातरण:
रीगलकडून उन्हाळ्यात फुलांची अपेक्षाच करू नका. त्याला कळी धरायला रात्री साधारण १५ अंशांच्या आसपासचा गारवा लागतो. पुण्यात तो डिसेंबर-जानेवारीत मिळतो, महाबळेश्वर-पाचगणीला बराच जास्त काळ. सपाटीवर रीगल म्हणजे हंगामी झाड समजून घेतलेलं बरं. पूर्वेच्या खिडकीत जागा असेल तर पहिला नंबर त्याचा लावा. झोनल आणि आयव्ही त्यामानाने चिवट.

सकाळी दहापर्यंतचं ऊन सगळ्यांना हवंच. घाबरून घरात अंधारात नेऊ नका, पंधरा दिवसांत वेड्यासारख्या लांब काड्या येतात.

आयव्हीच्या पानांखाली खरखरीत फोडांसारखे ठिपके आले तर तो रोग नाही. मुळं पाणी ओढतात तितकं पान बाहेर टाकू शकत नाही, म्हणून पेशी फुटतात. पाणी कमी करा. बारीक जाळी आणि पिवळे टिपके दिसले तर मात्र लाल कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड), पानांची खालची बाजू पाण्याने धुवा, तेही सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत पान कोरडं होतं.

आणि जूनकडे लक्ष ठेवा. उन्हाळा काढलेली कितीतरी झाडं पहिल्या पावसात बाहेर ठेवल्यामुळे जातात. वळवाच्या सरी सुरू झाल्या की पागोळ्यांपासून आत घ्या. उजेड हवा, पाऊस नको. जड छाटणी सप्टेंबरच्या शेवटी, प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे ठेवून. तेव्हाच कुंडी बदला: लाल माती चार भाग, कोकोपीट तीन, जाड वाळू किंवा परलाइट दोन, गांडूळखत एक. नवी पानं फुटल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, आधी साधं पाणी देऊन.