नुसती सिफ पुरते का? एक्स-रेच्या मूळ फ्रेम्स पण खुल्या ठेवायला हव्यात

ताळगावपठार
विषय कोरडा आहे, पण आठवडाभर डोक्यात हाच आहे. आपण क्रिस्टल डिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे एक्स-रे सोडणाऱ्या मशीनवर लावतो, तो फिरत राहतो आणि डिटेक्टरवर शेकडो फोटो येतात, नुसते ठिपकेच ठिपके. त्या झाल्या फ्रेम्स. सॉफ्टवेअर त्या ठिपक्यांची तीव्रता मोजून (यालाच इंटिग्रेट करणं म्हणतात) एचकेएल फाईल, म्हणजे आकड्यांची यादी काढतं, त्यावरून अणूंची रचना सोडवायची, सिफ, म्हणजे त्या रचनेची फाईल, केंब्रिजच्या डेटाबेसला द्यायची, संपलं. फ्रेम्सचं पुढे काय झालं हे कुणी विचारतच नाही.

माझ्या एका कॉपर कॉम्प्लेक्सच्या पेपरवर रिव्ह्यूअर म्हणाला, क्रिस्टल ट्विन दिसतोय, म्हणजे दोन क्रिस्टल एकमेकांत वाढलेत, दोन्ही भाग वेगळे धरून परत इंटिग्रेट करा. बरोबरच होतं त्याचं. पण एचकेएलमध्ये दोघांचे ठिपके एकमेकांत मिसळून बसलेले, फ्रेम्सशिवाय सुटणार कसे? डेटा गोव्याबाहेर एका ठिकाणी काढून घेतला होता, त्यांना मेल केली तर म्हणे दोन वर्षांच्या वर आम्ही ठेवत नाही. माझी कॉपी होती एक्स्टर्नल डिस्कवर, लॅबच्या कपाटात, दोन पावसाळे काढलेली. लावली तर आतून नुसतं टक टक टक. आणि क्रिस्टल सॉल्व्हंट उडून केव्हाच पावडर झालेला.

माझं मत सरळ आहे, पेपर छापायचा तर फ्रेम्स पण टाका. सक्तीने.

अंत्रुजी
वाईट वाटलं रे, पण बॅकअप तू ठेवला नाहीस आणि नियम सगळ्या जगाला? आमच्या मशीनवरचा सेट दोन-तीन जीबीचा असतो, तो ठीक आहे. सिंक्रोट्रॉनवरचे, म्हणजे फार तीव्र एक्स-रे देणाऱ्या मोठ्या केंद्रातले, नवे डिटेक्टर सेकंदाला शंभराहून जास्त फ्रेम्स काढतात, एका शिफ्टमध्ये टेराबाइट. ते कोण साठवणार आणि वीजबिल कोण भरणार? माशाचं हुमण जेवलो, आता खवले पण फ्रीजमध्ये ठेवू?

मांडवीकाठ
हुमणाचंच काढलंत तर ऐका, ताटात वाढल्यावर मासा ताजा होता की कालचा हे मसाल्यात कळत नाही. अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ई या जर्नलमधली 2010 ची भानगड विसरलात? चीनमधल्या दोन गटांच्या मिळून सत्तर रचना बनावट निघाल्या. एकच खरा डेटा सेट घ्यायचा, मॉडेलमधला एखादा अणू बदलायचा, नवीन कंपाउंड म्हणून छापायचं. आपल्याकडे मागे कुणीतरी एकच पेपर तीन जर्नलला पाठवला होता, तो यांच्यापुढे साधुसंत.

अंत्रुजी
अहो मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत की. ते पकडले गेले कशावरून, तीव्रतेचे आकडे जमा होते म्हणून! फ्रेम्स कुणी पाहिल्यासुद्धा नाहीत. प्रोटीन डेटा बँकेने 2008 पासून स्ट्रक्चर फॅक्टर, म्हणजे तीव्रतेवरून काढलेले आकडे, सक्तीचे केले, आणि शेलेक्सएल हा रचना पक्की करायचा प्रोग्रॅम तर 2013 पासून एचकेएल सिफमध्येच घालून देतं. चोर पकडायला तेवढं पुरतं. आणि 2006 मध्ये एका गटाला पाच पेपर मागे घ्यावे लागले ना, घरी लिहिलेल्या प्रोग्रॅमने दोन कॉलमची अदलाबदल केली म्हणून, ते उघडकीला आलं दुसऱ्या गटाची रचना वेगळी आली तेव्हा. कुणी फ्रेम्स उघडून बसला नव्हता.

ताळगावपठार
चोर पकडायचं मी बोललोच नाही, तुम्ही दोघं पोलीस ठाण्यात जाऊन बसलात. माझा कुणी खोटारडा नव्हता, फक्त ट्विन होता. इंटिग्रेट करताना आपण ठिपके तेवढे घेतो आणि मधलं सगळं बॅकग्राउंड म्हणून टाकून देतो. त्या मधल्या फिकट धुरकट भागात रेणू कसे हलतात, कुठे अव्यवस्थित बसलेत, याची माहिती असते. ती एचकेएलमध्ये येतच नाही. आज आपल्याला वाचता येत नाही म्हणून कचरा म्हणायचं?

चौथं_वर्ष_पीएचडी
मला एक सांगा, मी आठ महिने एक प्रोटीन क्रिस्टल वाढवत होते, त्याच डेटामधून अजून दोन पेपर काढायचेत. पहिला छापल्या छापल्या फ्रेम्स उघड्या केल्या तर चार पोस्टडॉकवाली मोठी लॅब ते महिन्यात उरकेल, मी बसते टाळ्या वाजवत. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर तीन वर्षं डेटा बंद ठेवून मग खुला करतात, तसं असेल तर माझी हरकत नाही. सक्ती म्हणताना हे पण बोला ना.

ताळगावपठार
हे मान्य गो. तीन वर्षं चालतील. अपलोड मात्र आत्ताच, कुलूप लावून.

जुना_फिल्मवाला
मी वायसेनबर्ग कॅमेऱ्याच्या, म्हणजे ठिपके फिल्मवर घ्यायच्या जमान्यातला. आमच्या फिल्म्स लिफाफ्यात, वर पेन्सिलने कंपाउंड, अक्ष, तारीख. अजून लाइट बॉक्सवर धरल्या तर ठिपके मोजता येतात, बुरशी कडेला थोडी लागली आहे एवढंच. तुम्ही लोक फ्रेम्स ठेवायच्या की नाही यावर भांडताय, पण नुसत्या ठेवून काय उपयोग? गेल्या वर्षी एका मुलाने जुना सेट आणला. बीम सेंटर, म्हणजे किरण डिटेक्टरवर कुठे पडतो ते नाही, डिटेक्टरचं अंतर नाही, क्रिस्टल फिरवणारा गोनिओमीटर कुठल्या दिशेने फिरतो ते नाही. दोन दिवस आम्ही अंदाजाने आकडे घालत बसलो, इंडेक्स, म्हणजे कुठला ठिपका कुठला ते ठरवणं, काही होईना. लिफाफ्यावरची पेन्सिल जास्त कामाची, बाबांनो.

अंत्रुजी
सर, हे लाख बोललात. सक्ती झाली की लोक नावाला झिप टाकणार, आत काय आहे देव जाणे. म्हणून म्हणतो, ज्या सेटमध्ये ट्विन किंवा काही गडबड दिसते तेवढेच नीट माहितीसकट ठेवा, सरसकट नको.

ताळगावपठार
आणि गडबड आहे हे आधी कळणार कुणाला? मला कळली होती? रिव्ह्यूअरला कळली.

असो. काल रात्री बसून माझे उरलेले चौदा सेट झेनोडो या डेटा ठेवायच्या साइटवर चढवले. एका नोंदीत 50 जीबीपर्यंत जागा फुकट देतात, डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक पण मिळतो, मग खर्चाचं रडगाणं निदान आपल्यासारख्या छोट्या मशीनवाल्यांनी तरी गाऊ नये. सरांचं वाचून परत उठलो आणि प्रत्येकाबरोबर अंतर, अक्ष सगळं लिहिलेली टेक्स्ट फाईल घातली. मध्ये दोनदा लाईट गेली. कॉपरवाला क्रिस्टल परत वाढायला ठेवलाय, चवथीपर्यंत आला तर अंत्रुजी, तुझ्या मशीनवर घेऊन येतो.

अंत्रुजी
ये. पण फ्रेम्स लगेच कॉपी करून ने, माझी डिस्क भरलेली आहे, मी पुसणार.