रूममेटशी वाजलंय कधी? करार, डिपॉझिट, फ्रीज... येऊ द्या अनुभव

खिडकीतली: काल रात्री भाचीचा फोन. पवईला तिघी राहतात, दोघींनी दाराला नवं कुलूप ठोकलं, ही जिन्यात बसलेली. ऐकलं आणि माझी अंधेरीची खोली आठवली. गॅलरीत दोरी एकच, तीवर थोरल्या रूममेटच्या चादरी. आमचे ओले कपडे दारावर. बोललं की एकच उत्तर, "ॲग्रीमेंट माझ्या नावावर आहे." तुम्हाला ऐकवलंय का कुणी असं?

मालाडकर: भाचीचं नाव लीव्ह-लायसन्सवर, म्हणजे घराच्या भाडेकरारावर, आहे का ते आधी बघा. तिघींची असतील तर एकीला बाहेर काढायचा हक्क दुसरीला नाही. नसेल तर भाडं दिल्याच्या नोंदी, मालकाचे मेसेज, जे असेल ते जमवा.

चहाबाज: फ्रीजचं बोला हो कुणीतरी. आमचा एक नग माझं दही संपवून रिकामं भांडं, आत चमचा, परत जागेवर ठेवायचा. हे कुठल्या कलमात बसतं?

टीटीचा_बाप्या: @चहाबाज चोरी! पूर्वी ३७९, आता न्याय संहितेचं ३०३. चौकीत सांगून बघा, ताक पाजतील 😄

काळाकोट: "११ महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला" ही मुंबईतली लाडकी थाप. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचा. करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर ५००० पर्यंत दंड. आणि दुसरी बाजू पण ऐका, मुदत संपून ठाण मांडलं तर कलम २४, दुप्पट भाडं.

सुकटबोंबील: मी खोली सोडताना रूममेटकडे डिपॉझिटचा वाटा मागितला. "नवीन मुलगा येईल, त्याच्याकडून घे." नवीन आला, पैसे ह्यानेच घेतले. खात्यातली नोंद जोडून वकिलाची नोटीस धाडली. त्याच संध्याकाळी पैसे जमा, वर मेसेज, "भावा, नुसतं बोलायचं ना"!!

गिरणगाव: तुमचं बरंय, फ्रीज तरी होता. आमचे आजोबा लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने वळकटी उचलायची. ज्याची त्याची ट्रंक भिंतीला, जेवण खानावळीत. भांडण झालं तर गावचं मंडळ निकाल देणार, अपील नाही.

चहाबाज: गाव कुठलं?

गिरणगाव: देवरुखजवळ

चहाबाज: अरे आम्ही संगमेश्वर!

खिडकीतली: @मालाडकर नाव आहे. पीडीएफ मिळाली, ताई तिला घेऊन चौकीत गेली, साहेबांनी तिथूनच दोघींना फोन लावला. कुलूप निघालं. तिची कढई मात्र जाळून ठेवलीय.

काळाकोट: कढईचा फोटो काढून ठेवा

सुकटबोंबील: आणि चिंच लावा, निघतं

चहाबाज: @गिरणगाव यंदा कलमांना मोहोर कसा आहे? पेटी मिळेल का एखादी?

टीटीचा_बाप्या: कलम ५५ ला की २४ ला? 😂