साक्ष, सेवा, ममता : शेजाऱ्याला केलेल्या मदतीसाठी नेमका शब्द कोणता?

अनुवादक
मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) स्वयंसेवकांसाठी एक छोटी मार्गदर्शिका मराठीत आणायची आहे. विषय असा : आजारी, एकटे, अडचणीतले शेजारी यांना मदत करायची आणि त्या वागण्यातून ख्रिस्तावरचा विश्वास दिसू द्यायचा. मूळ मजकुरात ‘विटनेस’, ‘काइंडनेस’ आणि ‘आउटरीच’ हे तीन शब्द पानोपानी येतात. कच्च्या मसुद्यात अनुक्रमे ‘प्रचार’, ‘दया’ आणि ‘जनसंपर्क’ असे घातलेत आणि तिन्ही खटकताहेत. शीर्षक सध्या ‘दयेद्वारे प्रचार’ आहे. काय करावं?

पदच्छेद
‘प्रचार’ आधी काढा. प्रचार निवडणुकीचा होतो, साबणाचाही होतो. बोलणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं असावं अशी अट त्या शब्दात नाही. ‘साक्ष’मध्ये ती अट शब्दाच्या पोटातच आहे. साक्षी म्हणजे ज्याने प्रत्यक्ष पाहिलं तो. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्’ (५.२.९१). नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मार्तुस’ हाही न्यायालयातला साक्षीदारच. प्रेषितांची कृत्ये १:८ मध्ये शिष्यांना साक्षी व्हायला सांगितलंय, वकील व्हायला नाही. पुढे साक्ष मागे न घेता जीव देणाऱ्यांमुळे त्याच शब्दाला हुतात्म्याचा अर्थ आला.

लिहिताना लिंग सांभाळा. ‘साक्ष’ स्त्रीलिंगी, म्हणजे दिलेलं निवेदन. माणूस असेल तर ‘साक्षी’ किंवा ‘साक्षीदार’. ‘तो ख्रिस्ताची साक्ष आहे’ हे चुकतं, ‘तो ख्रिस्ताचा साक्षी आहे’ हे बरोबर. शिवाय साक्ष देणे, साक्ष काढणे आणि साक्ष पटणे ही तीन क्रियापदं वेगळी ठेवा. देणं आपल्या हातात असतं, पटणं समोरच्याच्या. ‘साक्ष पटवून द्या’ असं मार्गदर्शिकेत कुठेही येऊ देऊ नका.

मंडळीत ‘साक्ष’ म्हटलं की सभेत उभं राहून आपला अनुभव सांगणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे पहिल्याच पानावर एक वाक्य हवं : इथे साक्ष म्हणजे शेजाऱ्याला रोज दिसणारं आपलं वागणं, आणि त्याने विचारलं तर दिलेलं उत्तर.

ग्रीकवाचक
‘दये’बद्दल. मराठीत दया ‘येते’ किंवा ‘दाखवली’ जाते, आणि दोन्ही वेळी ती वरून खाली वाहते. देवाने माणसावर केलेल्या दयेला तो शब्द शोभतो. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर दया केली की कीव जवळ येते.

नव्या करारात ‘काइंडनेस’च्या जागी ‘ख्रेस्तोतेस’ हा शब्द आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये गलती ५:२२ आणि कलस्सै ३:१२ इथे त्याला ‘ममता’ म्हटलंय. १ करिंथ १३:४ मध्ये त्याच मुळाचं क्रियापद येतं, तिथे प्रीती ‘परोपकारी आहे’. आणि मत्तय ११:३० मध्ये त्याच मुळाचं विशेषण चक्क जुवाला लावलेलं आहे : ‘माझे जू सोयीचे’. ममता, परोपकारी, सोयीचे : मराठीत तीन शब्द, पण मूळ एकच, ‘ख्राओमाइ’ म्हणजे वापरणे. म्हणून गाभ्याचा अर्थ ‘कामी येणारं’. मराठीत ‘उपयोगी पडणे’ हा वाक्प्रचार त्याच्या सर्वांत जवळ जातो.

जुवाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जू मानेला नीट बसलं नाही की कातडं सोलवटतं, मग ते कितीही मजबूत लाकडाचं असो. सोयीचं जू म्हणजे त्याच मानेच्या मापाचं. मदतीचंही तसंच. माप घेणाऱ्याचं हवं, देणाऱ्याचं नव्हे.

जाता जाता : ‘ख्रिस्तोस’ (अभिषिक्त) आणि ‘ख्रेस्तोस’ (भला, उपयोगी) यांचे उच्चार इतके जवळ होते की लोक गल्लत करत. तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ. स. १९७ च्या सुमारास विरोधकांना लिहिलं की तुम्ही आम्हाला चुकून ‘ख्रेस्तियानी’ म्हणता तेव्हाही त्या नावाचा अर्थ गोडवा आणि भलेपणा असाच होतो.

वाढपी
मग ‘सोयीची मदत’ असं एक प्रकरणच करा. स्वयंसेवकाला ‘ममता’पेक्षा ‘सोयीची’ हा शब्द लवकर कळतो, कारण तो लगेच प्रश्न विचारायला लावतो : सोय कुणाची?

शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाकडे जेवण पोचवायचंय असं धरा. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य मार्गदर्शिकेत नको. ते बोलायला गोड आहे, पण शोधायचं आणि मागायचं काम ते आजाऱ्यावरच टाकतं, आणि बहुतेक माणसं मागत नाहीत. त्याऐवजी दोन पर्याय द्यावेत : ‘मंगळवारी संध्याकाळी जेवण आणू, की गुरुवारी बरं पडेल?’ मग विचारायचं ते एवढंच : जेवणारी माणसं किती, काय चालत नाही, किती वाजता.

सगळ्यात जास्त चुकतं ते वेळापत्रक. पहिल्या तीन दिवसांत सहा घरांतून डबे येतात, अर्धं अन्न टाकावं लागतं, आणि दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा नातेवाईक परत गेलेले असतात, तेव्हा कुणीच येत नाही. म्हणून एकाआड एक दिवस धरा. तीन आठवड्यांत अकरा जेवणं होतात. अकरा घरं आधी मिळवा, मगच त्या कुटुंबाला शब्द द्या. यादी एकाच माणसाकडे असावी आणि कुटुंबाने फोन करायचा तो त्यालाच.

डब्यावर पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलंय ते आणि तारीख लिहावी. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, त्यामुळे लांबच्या घराने आधी गार करून शीतकपाटात ठेवलेलं अन्न आणलेलं बरं. भांडं परत मागायचं नाही, कारण अकरा घरांची अकरा भांडी लक्षात ठेवणं हेच आजाऱ्याला नवं काम होऊन बसतं. दारातच पाच मिनिटं बोलावं. आत बोलावलं तरच जावं.

आणि डब्यात पत्रक ठेवू नये.

अनुवादक
शेवटच्या वाक्यावर आक्षेप येईल. विश्वास दिसू द्यायचाय तर पत्रक का नको?

पदच्छेद
याचं उत्तर मराठीने एका शब्दात देऊन ठेवलंय : मिंधा. उपकार ‘होतात’, ते ‘फेडावे’ लागतात, फिटले नाहीत तर त्यांचं ‘ओझं’ होतं आणि माणूस ‘मिंधा’ होतो. मिंध्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तो पत्रक वाचेल, मान डोलावेल, कदाचित सभेलाही येईल. पण यातलं काहीच त्याच्या मोकळ्या मनाचं नसेल. त्याने दिलेल्या होकाराला वजन राहत नाही, आणि ज्याची साक्ष आपण देतोय त्याच्यावर तो अन्याय आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘आमिष’. मूळ संस्कृत अर्थ मांस (म्हणून ‘निरामिष’), गळाला लावायचं ते. सेवा आणि आमिष यांतला फरक वाक्यात पकडायचा तर ‘च्या बदल्यात’ आणि ‘तर’ शोधा. ‘प्रार्थनेला आलात तर धान्य’ इथे ‘तर’ आला, गळ दिसला. उलट खूणही साधी आहे : समोरच्याने ‘तुमच्या धर्मात मला रस नाही’ असं स्पष्ट सांगितल्यावर पुढच्या मंगळवारचा डबा येतो का? आला, तर ती सेवा.

मिंधेपणा कमी करायचा उपायही शुभवर्तमानात आहे. योहान ४:७ मध्ये येशू शोमरोनी स्त्रीला काही देण्याआधी तिच्याकडे पाणी मागतो. स्वयंसेवकाने दिलेला चहा नाकारू नये, बरं वाटल्यावर त्या घराने दुसऱ्या कुणासाठी डबा करतो म्हटलं तर यादीत नाव घालावं. घेता आलं की ओझं उतरतं.

ग्रीकवाचक
‘आउटरीच’कडे येतो. त्यात हात लांब करून कुणापर्यंत तरी पोचायचं चित्र आहे, म्हणजे ‘आपण’ आणि ‘ते’ आलेच. ‘जनसंपर्क’ तर कचेरीच्या खात्याचं नाव वाटतं. सरळ ‘सेवा’ म्हणा, पण त्या शब्दाची एक अडचण ओळखून. मराठी मंडळीत ‘ते सेवेत आहेत’ याचा अर्थ ते पाळक किंवा उपदेशक आहेत असा होतो. बाहेरच्या वाचकाला तेच वाक्य नोकरीचं किंवा समाजकार्याचं वाटेल.

ही दुहेरी छटा मात्र मुळातच आहे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. त्यावर सात जण नेमले गेले. पहिल्या ओवीत वाटपासाठी ‘दियाकोनिया’ (सेवा) हा शब्द आहे आणि चौथीत वचनाच्या कामासाठीही ‘दियाकोनिया’च. अन्न वाढणं आणि वचन सांगणं यांना एकच नाव! वाटप हे वचनाचं साधन आहे असं तिथे म्हटलेलं नाही. दोन्ही कामं आपापल्या पायांवर उभी आहेत. त्या गोष्टीत आणखी एक पाहण्यासारखं : तक्रार दयेच्या अभावाची नव्हती, वाटपातल्या चुकीची होती, आणि उपायही व्यवस्थेचा निघाला. वाढपींनी लिहिलेलं वेळापत्रक त्याच परंपरेतलं आहे.

पदच्छेद
आता शीर्षकातलं ‘द्वारे’. खरी मेख तिथे आहे. ‘सेवेद्वारे साक्ष’ म्हटलं की सेवा हत्यार झाली. हेतू साधला की हत्यार खाली ठेवतात. ‘साक्षीसाठी सेवा’ म्हटलं तर आजारी माणूस निमित्तमात्र झाला. ‘सेवेतून साक्ष’ यात मात्र उसातून रस यावा तसं एक आत होतं ते बाहेर आलं. ‘तून’ ठेवा.

वाचनवेडी
एक शंका. मत्तय ५:१६ म्हणतं की लोकांनी तुमची सत्कर्मं पाहावीत असा उजेड पडू द्या, आणि पुढच्याच अध्यायात ६:१ म्हणतं की लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. मग दिसायचं की नाही?

ग्रीकवाचक
दोन्हीकडे पाहणं आहे. फरक गौरव कुणाकडे जातो यात आहे : ५:१६ मध्ये पित्याकडे, ६:२ मध्ये कर्णा वाजवणाऱ्याकडे. मार्गदर्शिकेत याचं व्यावहारिक रूप छायाचित्रांचा नियम. डबा देताना, कपडे वाटताना घेणाऱ्याचा चेहरा टिपायचा नाही. दाखवायचंच तर चिरलेल्या भाज्या दाखवा, भरलेले डबे दाखवा.

साक्ष पटल्याचा पुरावा कधी अनपेक्षित बाजूने येतो. रोमन सम्राट जुलियन हा ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक. त्याने इ. स. ३६२ च्या सुमारास गलतियाच्या मुख्य पुरोहिताला लिहिलं की हे ‘गालीलकर’ (म्हणजे ख्रिस्ती लोक) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांना आपल्याकडून काही मिळत नाही ही लाजेची गोष्ट आहे. त्यात ‘आपल्याही’ हा शब्द मोलाचा : मदत मंडळीच्या उंबरठ्यावर थांबली नव्हती.

अनुवादक
मूळ मजकुरात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या तोंडी एक वाक्य आहे : ‘सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्दही वापरा.’ ठेवू का?

ग्रीकवाचक
त्याच्या नावावर ठेवू नका, त्याच्या लेखनात ते सापडत नाही. त्याने आपल्या संघातल्या बंधूंसाठी केलेल्या १२२१ च्या नियमावलीत मात्र दोन उपयोगी गोष्टी आहेत. सतराव्या प्रकरणात सर्व बंधूंनी कृतीने उपदेश करावा असं येतं. सोळाव्यात परधर्मीयांत राहण्याच्या दोन रीती सांगितल्यात : एक, वाद न घालता सर्वांच्या अधीन राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे मान्य करावं, दुसरी, देवाला आवडेल असं दिसेल तेव्हा वचन सांगावं. म्हणजे शब्द रद्द नाहीत, त्यांची वेळ पाहायची आहे. १ पेत्र ३:१५ तेच सांगतं, विचारणाऱ्याला उत्तर द्यावं, तेही सौम्यतेने. आधी प्रश्न, मग उत्तर.

वाढपी
ते उत्तर किती लांब असावं हेही लिहा. ‘तुम्ही हे का करता?’ असं कुणी विचारलं तर दोन वाक्यं पुरतात : ‘ख्रिस्ताने आमच्यावर प्रीती केली, म्हणून शेजाऱ्यावर करावीशी वाटते. तुम्हाला आणखी ऐकायचं असेल तर केव्हाही बोलू.’ आणि थांबावं. अर्ध्या तासाचं प्रवचन दारात उभ्या माणसाला सोयीचं नसतं.

अनुवादक
शीर्षक ‘सेवेतून साक्ष’ पक्कं. ‘काइंडनेस’ला वचन उद्धृत करताना ‘ममता’, सूचना देताना ‘सोयीची मदत’. ‘लाभार्थी’ आणि ‘गरजू’ काढून सगळीकडे ‘शेजारी’ केलंय. दारावर द्यायच्या चिठ्ठीचा मसुदा : ‘आम्ही जवळच्या मंडळीतले शेजारी. गरजूंना विनामूल्य साहाय्य उपलब्ध आहे. आवश्यकता भासल्यास संपर्क साधावा.’

पदच्छेद
पहिलं वाक्य उत्तम, कोण आलंय ते लपवत नाही. पुढे ‘गरजू’ परत शिरलाय, आणि ‘भासल्यास’ कचेरीतलं आहे.

वाढपी
असं करा : ‘आम्ही जवळच्या मंडळीतले शेजारी. येत्या शनिवारी सकाळी दहाला या गल्लीतल्या आजारी आणि वयस्कर मंडळींचं सामान आणून देणार आहोत. तुमचं आणू का? यादी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत या नंबरवर सांगा. सामानाचे पैसे तुमचे, फेरी आमची.’

पदच्छेद
‘फेरी आमची’ सुरेख. फक्त ‘मंडळी’ दोनदा आलं, दोन अर्थांनी. दुसऱ्या ठिकाणी ‘माणसांचं’ करा.