पुरंदरमध्ये १२ गुंठ्यांत घरची फळबाग: झाडं कोणती आणि किती?

शनिवारची शेती
आम्ही कोथरूडला राहतो. सासवड ओलांडून जेजुरीच्या अलीकडे सासऱ्यांचं जुनं घर आहे, घरामागे १२ गुंठे. सासरे जाऊन दोन वर्षं झाली. सासूबाई तिथेच असतात, पुण्यात यायचं नाव काढत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात हौसेनं १८ झाडं लावली: हापूस ५, चिकू ४, नारळ ४, बाकी पेरू आणि लिंबू. मेअखेर ७ उरली. वाळलेली उपटली तर मुळं अजून पिशवीच्याच आकाराची, गोल गुंडाळलेली. खड्डे जेसीबीने तीन बाय तीनचे घेतले होते, शेणखतही भरपूर घातलं होतं. वर वीतभर माती, खाली नुसता मुरूम. विहीर एप्रिलच्या मध्याला तळ गाठते, पुढे पाऊस लागेपर्यंत प्यायलाही टँकर.

मी फक्त शनिवार-रविवार जाते. ७१ वर्षांच्या बाईला कळशीने झाडं जगवायला सांगणं मला पटत नाही. आणि त्या न सांगताच पाणी घालत बसतात, याची मला जास्त काळजी वाटते.

विकायचं काही नाही. मुलांनी झाडावरून तोडून खावं एवढंच. यंदा कोणती लावू, किती लावू? एक चिकू तरी हवाच, सासऱ्यांना फार आवडायचा.

जुनी विहीर
ताई, माझी बागही तुमच्याच पट्ट्यात आहे, १४ वर्षं झाली. तुमच्या ११ झाडांचं वाचून वाईट वाटलं, कारण पहिल्या वर्षी माझीही अशीच गेली होती.

पंधरा बाय पंधरा फुटांवर १२ गुंठ्यांत ५८ झाडं बसतात. तो हिशेब सोडून द्या. आपल्याकडे जमीन मोजून झाडं लावायची नसतात, मे महिन्याचं पाणी मोजून लावायची असतात. मी लहान झाडाला उन्हाळ्यात आठवड्याला ४० लिटर देतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आठ आठवडे धरा. पाच हजार लिटरची टाकी उंच ओट्यावर बसवा, विहिरीला पाणी आहे तोवर, मार्चअखेरीलाच भरून ठेवा. त्यात १४ झाडं निघतात: १४ गुणिले ४० गुणिले ८ म्हणजे ४४८०. एवढीच लावा. टाकीवरून साधी मायक्रोट्यूब टाका, म्हणजे सासूबाईंना फक्त कॉक फिरवायचा.

आता कोणती. उन्हाळ्यात जे झाड झोपतं ते आपलं. सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळून उभं राहतं आणि पावसाबरोबर फुटतं, बाजारात यायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. आवळ्याला मार्च-एप्रिलमध्ये फुलं येतात, पण धरलेली बारीक फळं पाऊस येईपर्यंत वाढतच नाहीत. नारळ आणि चिकू बारा महिने हिरवे, त्यांना बारा महिने पाणी लागतं. तुमची तीच जास्त गेली असतील.

माझी यादी: सीताफळ ५ (जाधववाडीच्या अंजीर व सीताफळ संशोधन केंद्राची ‘फुले पुरंदर’ जात बघा), आंबा २, अंजीर २, आवळा २, जांभूळ, पेरू, लिंबू एकेक. आवळे दोन आणि वेगवेगळ्या जातींचे घ्या, एकट्या झाडाला फळ नीट धरत नाही. हापूस नको, घाटावर तो रुसतो. केसर लावा. त्यातलाही एक आंबा कोय जागेवरच पेरून करा आणि वर्ष-दीड वर्षाने त्यावर कलम बांधा. जागेवर उगवलेल्या झाडाचं सोटमूळ सरळ खाली जातं, पिशवीतल्या झाडाला ते जमत नाही.

जेसीबीच्या खड्ड्याबद्दल: बकेटने मुरमाच्या कडा गुळगुळीत होतात, झाड कुंडीत लावल्यासारखं होतं. पावसात पाणी तुंबतं, नंतर मूळ भिंतीला टेकून फिरत राहतं. पहारीने चारही बाजू आणि तळ फोडा. लावताना पिशवी पूर्ण काढा, वळलेली मुळं हाताने मोकळी करा. उरलेली ७ झाडं मात्र हलवू नका, १४च्या हिशेबात तीही धरा.

खोर अंजीर
अंजिराबद्दल दोन शब्द. मीठा बहार उन्हाळ्यात येतो, गोड असतो, पण पाणी मागतो. घरच्या दोन झाडांना खट्टा बहारच धरा, जूनच्या पावसावर फुटतो आणि थंडीत फळ मिळतं. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो, गळलेली पानं गोळा करून जाळा, झाडाखाली कुजू देऊ नका.

मुळशीकर
आमच्याकडे उलटं, पाणी तुंबून झाडं जातात, त्यामुळे वरचं सगळं आमच्या बाजूच्या कुणी जसंच्या तसं करू नये. पेरू मात्र दोन्हीकडे सरदार घ्या. ती जात मुळात आपल्या गणेशखिंडच्या बागेत १९२७ साली निवडलेली आहे.

शनिवारची शेती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सासूबाईंना यादी वाचून दाखवली. उरलेल्या ७ मध्ये पेरू ३, लिंबू २, हापूस १ आणि चिकू १ आहे. हे मी आधी लिहायला हवं होतं. म्हणजे नवीन ७च: सीताफळ ४, आवळे २, आणि केसरची एक कोय. अंजीर पुढच्या वर्षी.

चिकू न्हाणीच्या मागेच आहे. सासूबाई म्हणाल्या, अंघोळीचं पाणी रोज त्यालाच जातं, म्हणून तो राहिला. त्याला टाकीच्या हिशेबातून वगळलं तर एक अंजीर यंदाच बसेल का?

जुनी विहीर
बसेल. साबण कमी वापरायला सांगा आणि खड्डा न्हाणीपासून लांब घ्या.