वाचक आहेत, दार उघडं नसतं

वाचक उरले नाहीत म्हणून गावची वाचनालयं बंद पडतात, असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. यवतमाळकडच्या आमच्या गावातलं वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, एका खोलीचं. तरी भरतीची तयारी करणारी पोरं सकाळपासून येतात, कापसाची वेचणी सरली की संध्याकाळी बाकं पुरत नाहीत.

खरी गोम पैशाच्या रचनेत आहे. मद्रासच्या १९४८ च्या ग्रंथालय कायद्यात घरपट्टीला जोडून ग्रंथालय उपकर, म्हणजे वाचनालयांसाठीचा छोटा जादा कर, आला, कर्नाटकानेही १९६५ मध्ये उपकराची सोय केली. आपल्या महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तो नाहीच. वाचनालय गावातल्या लोकांच्या संस्थेनं चालवायचं आणि सरकारनं अ-ब-क-ड वर्ग बघून अनुदान द्यायचं. पुस्तकं, पेपर, वीजबिल, ग्रंथपालाचा पगार, सगळं त्यावरच. ते लांबलं की आमच्या ग्रंथपाल ताई सोयाबीन सोंगायला जातात. जातील नाही तर काय? मग दाराला कुलूप, आणि ते पाहून लोक म्हणतात, कोणी वाचतच नाही!

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये 'पुस्तकं वापरासाठी असतात' हे पहिलं सूत्र मांडताना उघडण्याच्या वेळा आणि सेवकवर्ग, दोन्हींचा विचार केला होता. आमच्याकडे दोन्ही एकाच बाईच्या मजुरीवर अडलंय.