केनियात विमान उडवत राहिले, भारतीय सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) २०२१ मध्येच संपलं. सुरुवात कुठून करू?

ओझरची_लेक

नमस्कार मंडळी. मी नाशिकजवळच्या ओझरची. बाबा एचएएलच्या विमान कारखान्यात मिगच्या ओव्हरहॉलवर होते, लहानपण सगळं टाउनशिपमध्ये गेलं. माझं सीपीएल २०११ चं. इथे नोकरीची खूप वाट पाहिली आणि २०१४ मध्ये नैरोबीला गेले. विल्सन विमानतळावरून सेसना कॅराव्हॅन घेऊन मसाई मारात पर्यटकांना सोडायचं, परत आणायचं, हे काम. दिवसाला कधी सहा-सात लँडिंग व्हायची, तीही बहुतेक मातीच्या पट्ट्यांवर. आधी खालून एक फेरी मारून झेब्रे पांगवायचे, मग वळून उतरायचं. विल्सन मुळातच साडेपाच हजार फुटांवर आहे. दुपारच्या उन्हात भरलेलं विमान तिथे किती धावपट्टी घेतं, ते मी पुस्तकातून नाही, पोटात गोळा येऊन शिकले. एकूण ४,१०० तास झालेत.

भारतीय लायसन्स २०१६ मध्ये सुट्टीवर आले तेव्हा रिन्यू केलं होतं. २०२१ मध्ये मुदत संपली तेव्हा कोविडमुळे येणं जमलं नाही. पुढे केनियाचं लायसन्स चालू होतं, पगार चालू होता, आणि हे राहून गेलं. चूक माझीच.

आता बाबांची तब्येत बघून कायमची परत आले आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ वायुदलातून निवृत्त झालं, त्या दिवशी बाबा टीव्हीसमोर शेवटपर्यंत उभे होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मला इथेच उडवायचं आहे, शक्यतो इन्स्ट्रक्टर म्हणून. धुळ्याला उडवलं तर घरापासून तीन-साडेतीन तासांत पोचता येतं.

कोणी सांगतं आधी पेपर द्या, कोणी म्हणतं आधी फ्लाइंग क्लबमध्ये उड्डाणाचे तास लावा. कॉलेज रोडला एक एजंट भेटला. "लॉगबुकचं आम्ही बघून घेतो, तुम्ही फक्त पैसे भरा" म्हणाला. मी चहा तसाच टाकून उठून आले. ते ४,१०० तास मी एकेक करून उडवलेत, त्यात कोणी एक ओळही घुसवलेली मला चालणार नाही. पण मग सरळ मार्गाचा क्रम काय? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

सिन्नरकर

ताई, एजंटला सोडून आलात ते उत्तम केलंत.

माझंही असंच झालं होतं. मी अमेरिकेत इन्स्ट्रक्टर होतो. तिथल्या पायलट सर्टिफिकेटवर संपायची तारीखच नसते, दर २४ महिन्यांनी फ्लाइट रिव्ह्यू द्यायचा की झालं. त्या सवयीत भारतीय लायसन्सची तारीख कधी उलटली, कळलंच नाही.

अनुभवावरून सांगतो, सगळ्यात आधी मेडिकल. एक रुपयाही दुसरीकडे घालू नका. मी उलटं केलं. क्लबमध्ये आगाऊ पैसे भरले आणि मग मेडिकलमध्ये कानाच्या तपासणीवर अडकलो. शेवटी फिट ठरलो, पण मधले महिने पैसे अडकून पडले. इतक्या वर्षांनी क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं मेडिकल, ही साधी तपासणी धरू नका. ईसीजी, रक्त, डोळे, ऑडिओ, सगळं येतं. जुना पीएमआर (वैद्यकीय नोंदीचा) फाइल नंबर हाताशी ठेवा, ईजीसीएवर, म्हणजे डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या पोर्टलवर, तोच लागतो.

दुसरी गोष्ट लॉगबुक. अमेरिकेत आम्ही तास दशांशात लिहायचो. १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटं, १ तास ३० मिनिटं नव्हे! ईजीसीएवर तास भरताना मी दोन ठिकाणी घसरलो आणि बेरीज जुळेना. तुमचं लॉगबुक दशांशात असेल तर आधी शांतपणे वहीवर बदलून घ्या. आणि केनियातल्या कंपनीकडून तासांचं सही-शिक्क्याचं पत्र आत्ताच मागवा. तुम्हाला ओळखणारी माणसं तिथे आहेत तोवर हे काम सोपं आहे. तिथल्या प्राधिकरणाकडून लायसन्सची पडताळणी मागितली गेली, तर ती थेट त्यांच्याकडून जावी लागते, आपण आणून दिलेला कागद चालत नाही. माझ्या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला.

पेपर_शिकवतो

नाशिकरोडला मुलांना ग्राउंडचे विषय शिकवतो, म्हणून फक्त परीक्षांपुरतं लिहितो. दोन वाटांची गल्लत करू नका. परदेशी लायसन्स भारतात रूपांतरित करणारे एअर रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्र कंपोझिट पेपर देतात. तुमचं मूळ लायसन्सच भारतीय आहे, म्हणजे तुमची वाट नूतनीकरणाची. मधली इतकी वर्षं लायसन्स बंद राहिलं, त्याला कोणते पेपर लागू होतात ते डीजीसीएला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी ऐकलेल्यावर फी भरू नका.

रेग्युलेशन्सचं पुस्तक मात्र आजच उघडा, पेपर लागो न लागो. तुम्ही शिकलात तेव्हा १९३४ चा कायदा होता. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे आणि आरटीआरचा (रेडिओ वापरण्याच्या परवान्याचा) कारभारही दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आला आहे. २०२३ पासून सीपीएलची मुदत पाचाऐवजी दहा वर्षं झाली, पण मेडिकल, आयआर (फक्त उपकरणं बघून उडवण्याचं रेटिंग) आणि इंग्रजी प्रावीण्य यांची घड्याळं वेगळी चालतात. इंग्रजी लेव्हल ४ असेल तर ३ वर्षं, ५ असेल तर ६ वर्षं, ६ असेल तर कायमचं. तुमची कोणती आहे ते कागदावर बघा.

जुना_परीक्षक

बेटा, तुझे ४,१०० तास खरे आहेत आणि ते कुणी हिरावून घेणार नाही. पण चेकला बसलेला माणूस गेल्या सहा महिन्यांत तू काय उडवलंस ते बघतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. बाहेरून आलेली चांगली चांगली मुलं इथेच चिडतात. तू चिडू नकोस.

तुझं हात-पाय चालणं मला बघायचीही गरज नाही. मातीच्या पट्टीवर कॅराव्हॅन उतरवणारीला धुळ्याच्या डांबरी धावपट्टीवर छोटं सेसना १७२ उतरवायला काय लागतं! अडशील ती बोलण्यात आणि कागदात. तिकडे मोकळ्या पट्ट्यांवर आपणच आपली जागा रेडिओवर सांगत गेलीस. इथे फ्लाइट प्लॅन, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) नंबर, एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) नंबर. ते हातात नसताना क्रॉस कंट्रीला इंजिन चालू करायचं नाही. आणि तू तर ओझरची. घराच्या एका बाजूला एचएएल, दुसऱ्या बाजूला गांधीनगरचं आर्मी एव्हिएशन. या पट्ट्यात एडीसीचं महत्त्व तुला मी सांगायला नको.

माझा सल्ला असा. मेडिकल हातात आलं की पहिली दोन उड्डाणं मागच्या सीटवर बसून नुसती ऐक. विद्यार्थी उडवत असेल तरी लाजू नकोस. मग आयआरसाठी आधी सिम्युलेटर, नंतर विमान. तू वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघून उडवलंयस, त्यामुळे तुझी स्कॅन, म्हणजे उपकरणांवरून क्रमाने नजर फिरवायची सवय, सुटलेली असणार. हे तुझ्या लायसन्ससाठी कमी आणि उद्याच्या तुझ्या विद्यार्थ्यांसाठी जास्त सांगतोय.

ओझरची_लेक

काका, स्कॅनचं अगदी खरं आहे. शेवटचं खरं इन्स्ट्रुमेंट उड्डाण आठवायला मला लॉगबुक उघडावं लागलं. एडीसी नंबर घेण्याची सवय तर पार गेली आहे.

क्रम कळला. आधी मेडिकल. सोबतच केनियातून तासांचं पत्र, आणि डीजीसीएला लेखी प्रश्न. क्लबला पैसे त्यानंतर. सिन्नरकर दादा, माझंही लॉगबुक दशांशातच आहे, आज रात्रीपासून वही घेऊन बसते. आरटीआरचं प्रमाणपत्र सापडत नव्हतं. बाबांनी कपाटातून स्वतःच्या एचएएलच्या कागदांची फाइल काढली, त्यात २०११ पासून जपून लावलेलं निघालं. इंग्रजीचं अजून शोधते आहे.

मेडिकलची तारीख मिळाली की इथेच कळवते.

सिन्नरकर

तारखेच्या आधी दोन दिवस कानात इअरफोन घालू नका, आदल्या रात्री नीट झोपा. आणि रक्तासाठी उपाशी जायचंय, डबा सोबत न्या. दिवस जातो तिथे.