मदत हवी आहे : अण्णांना पुन्हा शेताकडे कसं वळवू?

राम राम मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. जूनच्या वादळात कापणीला आलेली बाग आडवी झाली. केळीचं वर दिसतं ते खरं खोड नसतंच, पानांच्या देठांच्या बुडांचा तो बुंधा. वर घडाचं ओझं, त्यात वारा, मग कमरेत मोडते. पंचनामा झाला, कर्जाचंही मार्गी लागतंय. पण अण्णा तिथंच अडकलेत. सकाळी ओट्यावर बसून विळ्याला धार लावतात, शेतात मात्र जात नाहीत. 'पुन्हा लावू' म्हटलं की म्हणतात, 'काय उपयोग?'

'सकारात्मक राहा'चे मेसेज पाठवणाऱ्या पाहुण्यांना मी हात जोडलेत.

मोडक्या बागेत बुडाशी पिलं फुटलीत. त्यातलं एक परवा परसात आणून लावलं. काल बघतो तर कोणीतरी त्याला आळं करून पाणी घातलेलं. घरात विचारलं, सगळे गप्प. अण्णाच असणार.

आता पुढे काय करू? मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. पण अशा हट्टी माणसाला फोनवर बोलायला कोणी कसं तयार केलं? आणि थंडीत शेतात भरीत-पुरीला चार जुने सोबती बोलवावेत, की ती घाई होईल?